लियॉनचा नकाशा नाशिकमधून वाचताना: ‘कॅन्सर टुडे’ या वेबसाइटबद्दल

कुठल्या देशात फुफ्फुसाच्या कॅन्सरने किती माणसं जातात हे घरबसल्या, फुकटात आणि नकाशावर बघायचं असेल तर ‘कॅन्सर टुडे’ ही वेबसाइट उघडावी. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी एक संस्था फ्रान्समधल्या लियॉन शहरात आहे. आयएआरसी तिचं नाव, स्थापना १९६५ सालची. तिच्या ‘ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी’ या मोठ्या पसाऱ्यातला हा एक भाग. १८५ देश, ३६ प्रकारचे कॅन्सर, नवे रुग्ण किती, मृत्यू किती, स्त्री-पुरुष वेगळे, वयोगट वेगळे. मी वापरली ती आवृत्ती २०२२ च्या आकड्यांची. पैसे लागत नाहीत, नाव-नंबर मागत नाहीत, जाहिराती नाहीत. पाचपैकी चार तारे मी मनापासून देते. पाचवा का राखून ठेवला ते जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण त्याचा संबंध आपल्या जिल्ह्याशी आहे.

मी निवृत्त होईपर्यंत पंचवटीतल्या एका शाळेत भूगोल शिकवला. नकाशा समोर आला की आधी सूची वाचायची, मग प्रमाण, रंगांकडे सगळ्यात शेवटी बघायचं, हे मुलांकडून घोकून घेतलेलं. या वेबसाइटकडे वळले ती मात्र घरच्या दुखण्यामुळे. माझी थोरली बहीण सिन्नरला दिलेली. तिचे यजमान, आमचे दाजी, फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. त्यानंतर नात्यागोत्यात जो तो आपापलं कारण सांगू लागला. कुणी म्हणे विडी, कुणी म्हणे एमआयडीसीचा धूर, कुणी म्हणे द्राक्षांवरची फवारणी. बहुतेकांचं म्हणणं एवढंच, की हल्ली सगळीकडेच वाढलंय. सगळीकडे खरोखर सारखंच आहे का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

सारखं तर अजिबात नाही. वेबसाइट उघडली की सुरुवातीला सगळे कॅन्सर एकत्र दिसतात. तिथे फुफ्फुस निवडायचं, नवे रुग्ण ऐवजी मृत्यू निवडायचं, आणि नकाशा मागायचा. २०२२ साली जगात कॅन्सरने सुमारे ९७ लाख माणसं गेली, त्यातली १८ लाख एकट्या फुफ्फुसाच्या कॅन्सरने. म्हणजे जवळपास पाचातला एक मृत्यू. इतका मोठा वाटा दुसऱ्या कुठल्याच कॅन्सरचा नाही. नकाशावर मध्य आणि पूर्व युरोप गडद दिसतो, त्यात हंगेरी अगदी वरच्या टोकाला. चीन गडद. पश्चिम आफ्रिका फिकट. आणि भारतही फिकट.

भारत आणि चीन शेजारी-शेजारी ठेवून बघितले तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर होते. दोन्ही देशांची लोकसंख्या एकशेचाळीस कोटींच्या आसपास. चीनमध्ये एका वर्षात या कॅन्सरचे मृत्यू सात लाखांहून जास्त, भारतात सुमारे ७५ हजार. नऊ-दहा पटींचा फरक. घरातल्या एका तरुणाला दाखवलं तर तो म्हणाला, “मावशी, मग आपलं बरंच आहे की!” हे वाक्य मला अजून टोचतं, कारण आमच्याच घरातलं माणूस त्या ७५ हजारांतल्या आजाराने गेलं होतं आणि तरी नकाशा बघून सहज तोंडी येणारं वाक्य हेच आहे. ते कितपत खरं, हे शोधण्यातच माझा पुढचा सगळा वेळ गेला.

फरकाचा एक भाग वयाचा आहे, आणि इथे वेबसाइटची बाजू भक्कम आहे. फुफ्फुसाचा कॅन्सर मुख्यतः साठीच्या आसपास आणि पुढे गाठतो. म्हणून ज्या देशात म्हातारी माणसं जास्त, तिथे मृत्यूही जास्त दिसणार. वेबसाइटवर दोन प्रकारचे दर मिळतात. एक साधा दर, म्हणजे लाख लोकसंख्येमागे किती गेले. दुसरा वयाचा फरक काढून टाकलेला, म्हणजे वय-प्रमाणित दर. त्यासाठी सगळ्या देशांना एकच ठरावीक वयरचना लावतात. ही ‘जागतिक प्रमाण लोकसंख्या’ जपानचे मित्सुओ सेगी यांनी १९६० साली मांडली आणि पुढे थोड्या बदलाने सगळीकडे वापरात आली. साध्या दराने बघितलं तर जपान अगदी वर जातो, वय-प्रमाणित दराने बघितलं तर बराच खाली उतरतो. नकाशात आधीपासून वय-प्रमाणित दरच निवडलेला असतो, हे मला फार आवडलं. देशांची तुलना करताना साधा दर वापरू नका. पण आपल्या दवाखान्यांना किती रुग्णांची सोय करावी लागेल हे बघायचं असेल तर साधा आकडाच उपयोगाचा, तिथे प्रमाणित दर कामाचा नाही.

वयाचा फरक काढला तरी चीन भारताच्या खूप पुढेच राहतो. उरलेल्या फरकाचं मोठं कारण सिगारेट. चिनी पुरुषांपैकी निम्मे किंवा त्याच्या आसपास अनेक दशकं सिगारेट ओढत आले.

एक प्रयोग प्रत्येकाने करून बघावा, दोन मिनिटं लागतात. फुफ्फुस ठेवून आधी नवे रुग्ण आणि मग मृत्यू असा नकाशा बदला. रंग फारसे हलत नाहीत. आता स्तनाचा कॅन्सर निवडून तेच करा. नव्या रुग्णांच्या नकाशात ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका, पश्चिम युरोप गडद. मृत्यूच्या नकाशात हे देश फिके पडतात आणि पश्चिम आफ्रिका गडद होते. स्तनाचा कॅन्सर श्रीमंत देशांत जास्त सापडतो आणि जास्त बराही होतो. फुफ्फुसाच्या बाबतीत श्रीमंतीचा इतका उपयोग झालेला नाही, कारण तो उशिरा कळतो. भारतातला अंदाज बघा: वर्षाला सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि ७५ हजार मृत्यू. ताईला मी हे आकडे कधी दाखवले नाहीत.

आता वेबसाइटची पहिली उणीव. ती रंग दाखवते, कारणं सांगत नाही. नकाशावर बोट ठेवलं की आकडा येतो, तिथे असं का आहे याची एक ओळही येत नाही. शाळेत एवढ्यावर थांबणाऱ्या मुलाला मी पुन्हा उभं केलं असतं. म्हणून ज्यांना हा नकाशा बघायचा आहे त्यांच्यासाठी मला माहीत असलेल्या काही जागा इथेच लिहिते.

चीनच्या युन्नान प्रांतातलं शुआनवेई घ्या. तिथल्या बायका सिगारेट जवळपास ओढतच नाहीत, तरी फुफ्फुसाच्या कॅन्सरने त्यांचे मृत्यू चीनमध्ये सर्वाधिक असलेल्यांत मोडत. कारण घरातला दगडी कोळसा. भरपूर धूर सोडणारा कोळसा घराच्या मधोमध खड्ड्यात पेटवायचा, धूर जायला वाट नाही, आणि त्याच खोलीत स्वयंपाक. १९७० च्या दशकापासून तिथे धुराडी बसवली गेली. पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं की धुराडं बसवलेल्या घरांत हा कॅन्सर लक्षणीय कमी झाला. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, भिंतीतून बाहेर गेलेलं एक नळकांडं. पेठ-सुरगाण्याच्या बाजूला चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या घरांत गेले की मला हे आठवतं. लाकडाचा धूर आणि दगडी कोळशाचा धूर सारखाच घातक असं मात्र आयएआरसी म्हणत नाही. घरात जळणारा दगडी कोळसा तिच्या यादीत कॅन्सर नक्की करणाऱ्यांत आहे, लाकूडफाटा बहुधा करणाऱ्यांत, म्हणजे एक पायरी खाली.

चिलीच्या उत्तरेचं अँटोफगास्टा हे शहर वेगळ्याच कारणाने गडद झालं. १९५८ साली तिथे नव्या नदीचं पाणी आणलं, त्यात आर्सेनिक भरपूर. १९७० साली शुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि पाणी सुधारलं. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू मात्र त्यानंतर दशकानुदशकं चढेच राहिले. पाण्यातून पोटात गेलेलं विष फुफ्फुसात कॅन्सर करतं, हे मी वाचलं तेव्हा माझा विश्वास बसायला वेळ लागला.

अमेरिकेत १९७५ साली जिल्हावार कॅन्सर-मृत्यूंचा नकाशासंग्रह निघाला. त्यात जॉर्जिया राज्याचा किनारा गडद दिसला. शोध घेतल्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणीच्या गोद्या आणि तिथलं ॲस्बेस्टॉस हाती लागलं. म्हणजे आधी नकाशा आला, कारण त्याच्या मागून सापडलं. जिल्हा पातळीवरचा नकाशा काय करू शकतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्याच देशात आजही केंटकी अगदी वरच्या टोकाला आणि युटा सगळ्यात खाली. केंटकी तंबाखू पिकवणारं राज्य, युटात तंबाखू वर्ज्य मानणाऱ्या मॉर्मन पंथाची वस्ती मोठी. देश एक, पण रंगपट्टीची दोन टोकं.

आणखी एक गोष्ट हा नकाशा सांगत नाही, ती काळाची. अमेरिकेत माणशी सिगारेटचा खप १९६० च्या दशकात शिखरावर होता, पुरुषांचे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू शिखरावर गेले १९९० च्या आसपास. मध्ये पाव शतकाहून जास्त काळ. त्यामुळे आज दिसणारा रंग त्या देशाने वीस-तीस वर्षांपूर्वी काय ओढलं त्याचा आहे. कॉलेज रोडच्या टपऱ्यांपाशी संध्याकाळी जी पोरं आणि आता पोरीही उभ्या असतात, त्यांचा हिशोब या नकाशात यायला २०५० उजाडेल. आजचा फिकटपणा त्यांना लागू नाही.

आता भारताकडे येते, कारण माझा पाचवा तारा इथे अडकलाय. लियॉनच्या नकाशात भारत एकाच रंगाचा आहे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळं एकसारखं फिकट. एवढ्या मोठ्या देशाला एक रंग म्हणजे पावसाच्या नकाशात इगतपुरी आणि येवला एकाच रंगात रंगवण्यासारखं आहे. देशाच्या आत डोकवायचं असेल तर ही वेबसाइट बंद करून दुसरीकडे जावं लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा, राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रम बेंगळुरूहून चालतो. त्याचा २०२० चा अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. देखणा नाही, इंग्रजीत आहे, तक्तेच तक्ते. पण मी म्हणेन, ‘कॅन्सर टुडे’ बघणाऱ्या प्रत्येक भारतीयाने हा अहवाल शेजारी उघडून ठेवावा. त्यात ठिकठिकाणच्या २८ नोंदणी केंद्रांचे आकडे आहेत. हे आकडे नव्या रुग्णांचे, मृत्यूंचे नव्हेत. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये दोन्ही किती जवळ असतात ते वर सांगितलंच.

त्यात मिझोरममधला ऐजॉल जिल्हा बघा. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा वय-प्रमाणित दर पुरुषांत लाखाला ३८.८, बायकांत ३७.९. बायका पुरुषांच्या बरोबरीला! देशात बहुतेक ठिकाणी असं दिसत नाही. मिझोरममध्ये बायकाही पिढ्यान्‌पिढ्या धूम्रपान करत आल्या. शिवाय तिथे ‘तुइबुर’ नावाचं तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी तोंडात धरून थुंकतात. आणि सगळे कॅन्सर मिळून पुरुषांचा दर बघितला तर ऐजॉल २६९.४ वर, देशात पहिलं. सगळ्यात खाली कोण? आपलं उस्मानाबाद-बीड, म्हणजे आजचं धाराशिव आणि बीड, ३९.५. सहा-सात पटींचा फरक. लियॉनच्या नकाशात या दोन्ही जागा एकाच रंगाखाली झाकल्या गेल्यात.

धाराशिव-बीडचा आकडा खरंच इतका कमी की नोंदच कमी, हा प्रश्न कुणालाही पडेल, मलाही पडला. याचं थोडं उत्तर शेजारच्या बार्शीत मिळतं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ पासून ग्रामीण भागासाठी नोंदणी केंद्र चालतं. तिथली पद्धत मला फार मोलाची वाटते. रुग्ण दवाखान्यात येईल आणि मग लिहू, असं म्हणत ते बसत नाहीत. नोंदणीची माणसं गावोगाव फिरतात, कुणाला न भरणारी जखम आहे, कुणाला रक्त जातंय, कुणाचा खोकला थांबत नाही, हे विचारतात आणि तपासणीला यायला लावतात. एवढं करूनही तिथले दर कमीच निघाले. त्यामुळे आपल्या कोरडवाहू खेड्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर मोठ्या शहरांपेक्षा खरोखर कमी असावा, असं माझं मत झालंय. खेड्यात सिगारेट परवडत नव्हती, हे एक कारण उघड आहे.

पण हे मत मी बार्शीबद्दल देऊ शकते, नाशिकबद्दल नाही. त्या २८ केंद्रांत महाराष्ट्रातली सात आहेत: मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. नाशिक नाही. आख्खा उत्तर महाराष्ट्र त्या अहवालात नाही. नाशिकरोडचे लोक मला औष्णिक केंद्राच्या राखेबद्दल विचारतात, सातपूर-अंबडचे फाउंड्रीतल्या धुळीबद्दल, दिंडोरीचे फवारणीबद्दल. प्रश्न सगळे रास्त आहेत. बाहेरची प्रदूषित हवा कॅन्सर करते हे आयएआरसीने २०१३ सालीच जाहीर केलंय, फाउंड्रीच्या वाळूतून उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीबद्दल १९९७ साली. पण सिन्नरचा दर किती, सातपूरचा किती, निफाडचा किती, हे ज्या पानावर बघावं असं पान त्या अहवालात नाही. जॉर्जियाच्या किनाऱ्याला जे जमलं ते आपल्याला जमणार कसं?

मृत्यूच्या दाखल्यांवरून मोजता येईल असं कुणी म्हणेल. दाजींच्या वेळी काय झालं ते सांगते. दाजी तरुणपणापासून विडी ओढत. सिन्नरला विडी काही दुरून आणावी लागत नाही. ताईनेही लग्नानंतर बरीच वर्षं घरी विड्या वळल्या, मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि भिजवून कापलेली तेंदूची पानं, हजार विड्यांवर मजुरी. दाजींचा खोकला लांबला, वजन उतरलं. छातीच्या फोटोत डाग दिसला आणि त्यांना टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. बेडक्यात जंतू सापडले नव्हते. तरी महिनोन्‌महिने त्याच गोळ्या चालू राहिल्या. नाशिकला आणून सुईने तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला, तोवर तो मणक्यात उतरला होता. माझा एक विद्यार्थी आता छातीविकाराचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, “बाई, फोटोत दोन्ही सारखे दिसू शकतात. जंतू सापडत नाहीत आणि गोळ्यांनी फरक पडत नाही, तेव्हा थांबून दुसरं काही शोधायला हवं.” ते थांबणं झालं नाही, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

दाजी घरीच गेले. घरी मृत्यू झाला की ओळखीचे डॉक्टर ४-अ नमुन्यात कारण लिहून देतात आणि घरचे तो कागद नोंदणीला नेतात. भाचीने तो मला दाखवला. पहिल्या ओळीत हृदय आणि श्वास बंद पडल्याचं लिहिलेलं, खालच्या ओळी कोऱ्या. कॅन्सरचा कुठेही उल्लेख नाही. अशा नमुन्यांवरच सूचना छापलेली असते की मृत्यू घडवणारा आजार लिहा, हृदय बंद पडणं यासारखी मरणाची रीत लिहू नका. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. मी भाचीला परत पाठवलं. डॉक्टर म्हणाले, “दाखल्यावर कारण छापून येतच नाही, तुम्हाला काय फरक पडतो?” दाखल्यावर येत नाही हे खरंच. पण आकडेवारी दाखल्यावरून होत नाही, या कागदावरून होते, आणि त्यात खालच्या ओळीतला मूळ आजार धरतात. भाची हटली नाही. त्यांनी खाली फुफ्फुसाचा कॅन्सर लिहून बाजूला सही केली.

एवढं केलं तरी देशाचं चित्र कसं आहे बघा. २०२० साली भारतात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू २२.५ टक्के. बाकीच्यांचं कारण कुठल्याच डॉक्टरच्या कागदावर नाही. म्हणून लियॉनची मंडळी भारताचे मृत्यू अशा कागदांवरून मोजत नाहीत. नोंदणी केंद्रांतल्या रुग्णांच्या आकड्यांवरून, ते किती जगतात याचा हिशोब मांडून, अंदाज काढतात. पद्धत चुकीची नाही, हाताशी जे आहे त्यात याहून चांगलं करता येणार नाही. वेबसाइटवर माहिती आणि पद्धतीचं वेगळं पान आहे, तिथे हे प्रामाणिकपणे दिलंय. माझी तक्रार एवढीच की ते नकाशावर दिसत नाही. हंगेरीचा रंग मृत्यूच्या कारणांच्या नोंदी मोजून आलेला, भारताचा रंग अंदाजाने आलेला, आणि दोन्ही एकाच पट्टीत शेजारी बसलेत. ज्या देशांचा आकडा अंदाजाचा आहे तिथे रेघांची छटा द्या. नकाशाशास्त्रातली ही जुनी सोय आहे. एवढं केलं तर पाचवा तारा माझ्याकडून लगेच.

तरुण भाच्याच्या “आपलं बरं आहे” या वाक्याला दुसरंही एक उत्तर आहे आणि ते तंबाखूच्या सर्वेक्षणात मिळतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले प्रौढांपैकी फक्त ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे निघाले. मिझोरममध्ये हाच आकडा ३४.४ टक्के. ऐजॉल का गडद आणि आपण का फिकट, हे बरंचसं इथेच उलगडतं. पण त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू खाणारे, मळणारे, मिसरी लावणारे २४.४ टक्के आहेत. म्हणजे आपण तंबाखू सोडलेला नाही, तो ओढण्याऐवजी चघळतो. त्याची किंमत फुफ्फुसाच्या नकाशात दिसत नाही, तोंडाच्या कॅन्सरच्या नकाशात दिसते. ‘कॅन्सर टुडे’वर फुफ्फुस काढून ओठ-तोंड निवडा आणि भारताचा रंग बघा. भाच्याला मी तेच करायला लावलं. तो गप्प झाला आणि मग स्वतःच एकेक देश दाबून बघत बसला.

विडीबद्दल एक गैरसमज आमच्या सिन्नरकडे फार पक्का आहे, की ती पानात असते म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य. विडीत सिगारेटच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढा तंबाखू असतो हे खरं. पण भारतातल्या मृत्यूंवरचा जो मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी घटलेलं निघालं, सिगारेटवाल्यांचं दहा वर्षांनी. सहा वर्षं काही थोडी नाहीत. दाजींना नातीचं लग्न बघायचं होतं.

आता वापरण्याबद्दल थोडं. कॉम्प्युटरवर वेबसाइट छान चालते, मोबाइलवर नकाशा इवलासा होतो आणि छोटे देश बोटाखाली येत नाहीत, तेव्हा तिथे नकाशाऐवजी तक्ता निवडा. सगळं इंग्रजीत आहे, मराठी काय, हिंदीही नाही. आरोग्यसेविका, आशाताई, शिक्षक यांच्यापर्यंत हे पोचायचं तर कुणीतरी मराठीत समजावून द्यायला हवं. म्हणून मी आमच्या भागातल्या महिला मंडळात आणि जुन्या शाळेत नववीच्या वर्गाला हे पडद्यावर दाखवते, नेट असलं की भागतं. मुलं सुरुवातीला नकाशाशी खेळतात, मग भारत शोधतात, मग विचारतात की नाशिक कुठंय. त्यांना मी वर लिहिलेलं सगळं सांगते.

कुणासाठी नाही, हेही सांगून ठेवते. घरात कुणाला नुकतंच निदान झालं असेल तर ही वेबसाइट उघडू नका. तिथे देशांचे दर आहेत, तुमच्या माणसाचं पुढे काय होईल हे तिथे नाही. त्यासाठी तुकड्याचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं.

प्रत्येक देशाचं एक छोटं माहितीपत्रक पीडीएफमध्ये मिळतं, भारताचंही. छापून भिंतीला लावायचं असेल तर रंगीत प्रिंट काढा. काळ्या-पांढऱ्यात आलेख नीट कळत नाहीत, मी काढून बघितलंय. नकाशाही चित्र म्हणून डाउनलोड होतो. त्याच्यासोबत वर्ष आणि कुठला दर निवडला होता ते हाताने लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभराने तो साध्या दराचा की वय-प्रमाणित, हे तुमचं तुम्हालाच सांगता येणार नाही.